आरसा दुसऱ्याच्या तोंडापुढे

२०२० सालचा मार्च महिना वाचकांना आठवत असेल. शाळांना सुट्टी, मशिदींना कुलपे आणि हातात रिकामा वेळ. त्या दिवसांत आमच्या मोबाइलवर रोज दहा-पंधरा बयाने येऊन पडत. सुरुवातीच्या बयानांत सांगितले होते की, चीनवर अल्लाहचा अजाब उतरला आहे. पुढे तो इटलीवर उतरला, मग अमेरिकेवर. प्रत्येक देशाच्या पापांची यादी बयानकारांजवळ तयार होती. मग आमच्याच मोहल्ल्यातून जनाजे निघू लागले आणि अजाब हा शब्द एकाएकी गायब झाला. आता ती मोमिनांची आजमाइश ठरली. वबेत मेलेला शहीद असतो, ही हदीस सर्वांना आठवली. हदीस खरी आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा सवाल एवढाच की, सरहद्द ओलांडताना त्याच रोगाचे नाव कसे बदलले?

या सगळ्या बयानांत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एकच कौम उभी केलेली असे : बनी इस्राईल. ह. याकूब (अ.स.) यांची संतती, मिसरच्या फिरऔनच्या गुलामीतून सुटलेली, वाळवंटात भटकलेली. त्यांनी वासरू पूजले. मन्न व सलवा सोडून कांदा, लसूण, मसूर मागितली. नबींना छळले. म्हणून त्यांच्यावर कहर कोसळला. ऐकणारा मान डोलावतो, ‘अस्तगफिरुल्लाह’ म्हणतो आणि हलका होऊन घरी जातो, कारण ज्यांच्याबद्दल बोलणे चालले होते ते कोणी दुसरे होते.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर सातवीच्या वर्गात एका मुलाने आम्हांला विचारले, “सर, बनी इस्राईल बुरे लोग थे ना?” आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. दीनियातचा तास आमच्याकडे नसतो. घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. घंटेचे निमित्त झाले, हे कबूल केले पाहिजे. आमच्याजवळ उत्तरच नव्हते. नंतर बरेच दिवस आम्ही कुरआनाचा उर्दू तर्जुमा आणि रद्दीच्या दुकानातून आणलेले मराठी बायबल शेजारी शेजारी ठेवून वाचत बसलो. हा लेख त्या वाचनातून आला आहे. आम्ही आलिम नाही. चूक असेल तर आलिमांनी ती जरूर दाखवावी, पण आम्ही काय म्हणतो ते आधी ऐकून घ्यावे.

आमचे म्हणणे असे आहे. बनी इस्राईलची जी कहाणी आपण अजाबाची म्हणून सांगतो, ती खरे तर कान धरून सुधारण्याची कहाणी आहे. त्यातले कान धरणारे सगळे त्याच कौमचे आहेत आणि ज्यांना ओरडायचे त्यांच्याचबरोबर राहून ते ओरडतात. हा मुद्दा काढून टाकून आपण तिचा दगड केला आणि तो दुसऱ्यावर फेकायला घेतला.

कुरआनात ह. मूसा (अ.स.) यांचे नाव सव्वाशेहून अधिक वेळा येते, इतर कोणत्याही नबीपेक्षा जास्त. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका दुसऱ्या कौमच्या चुका मक्का-मदिन्यातल्या मुसलमानांना इतक्या तपशिलाने का सांगितल्या असतील? त्यांची निंदा करण्यापुरत्या चार आयती पुरल्या असत्या. पैगंबरसाहेबांनी (सल्ल.) तर स्पष्टच बजावले आहे की, तुम्हीही मागच्यांच्या पावलावर पाऊल ठेवाल, ते घोरपडीच्या बिळात शिरले तर तुम्हीही शिराल. सहाबांनी विचारले, म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती? त्यावर उत्तर आले, मग आणखी कोण? बुखारी व मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. मिंबरावरून ती फारशी ऐकू येत नाही.

आता वासराचा प्रसंग घ्या. ह. मूसा तूर पर्वतावर गेले आणि पाठीमागे लोकांनी सोन्याचे वासरू उभे केले. वासरू घडवणारा कुरआनात सामिरी आहे, बायबलात ते काम ह. हारून (अ.स.) यांच्या माथी मारले आहे. आम्ही अर्थातच कुरआनाचे मानतो. परतल्यावर ह. मूसांनी संतापाने भावाची दाढी आणि डोके धरले. तेव्हा ह. हारूननी सांगितले की, तू बनी इस्राईलमध्ये फूट पाडलीस असे तुम्ही म्हणाल, अशी मला भीती वाटली. सूरह ताहामध्ये हा सगळा प्रसंग आहे.

आमच्याकडे तोंड बंद करायला हेच वाक्य वापरतात. “मास्टर, आत्ता बोलू नका, कौममध्ये फूट पडेल.” पण ह. हारूनचा दाखला देणारे चार आयती मागे जात नाहीत. तिथे ह. हारूननी लोकांना आधीच, भर मेळाव्यात, उघड सांगितलेले आहे की ही तुमची परीक्षा आहे, तुमचा रब रहमान आहे, माझे ऐका. ते गप्प बसले नव्हते. ते बोलले, लोकांनी ऐकले नाही, आणि मग त्यांनी हाणामारी टाळली. आपण बोलण्याची पायरी गाळतो आणि थेट एकीच्या पायरीवर जाऊन बसतो.

आणि ह. मूसांनी पुढे काय केले? बायबलाच्या निर्गम या पुस्तकात फार विलक्षण गोष्ट आहे. खुदा त्यांना म्हणतो की, मी या लोकांना नष्ट करतो आणि तुझ्यापासून मोठे राष्ट्र निर्माण करतो. ज्या माणसाला आपल्या लोकांचा वीट आला आहे त्याला याहून मोठे आमिष कोणते? ह. मूसांनी ते नाकारले. उलट विनवले की, यांना माफ करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझेच नाव खोडून टाक. कुरआनात सत्तर माणसे निवडून नेल्याचा प्रसंग आहे. तिथे ह. मूसा विचारतात की, आमच्यातल्या मूर्खांनी जे केले त्यासाठी तू आम्हांला नष्ट करशील का? ‘त्यांना’ म्हटलेले नाही, ‘आम्हांला’ म्हटले आहे. आमच्या बयानकारांनी एवढे एक सर्वनाम जरी शिकून घेतले असते!

वाळवंटातली चाळीस वर्षे हाही असाच आवडता विषय. पवित्र भूमीत शिरायला लोक घाबरले, मूसांना म्हणाले की तुम्ही आणि तुमचा रब जाऊन लढा, आम्ही इथे बसतो. त्यावर चाळीस वर्षे ती भूमी त्यांना हराम झाली. वैतागलेल्या मूसांनी या नाफरमान लोकांपासून आमची फारकत कर, अशी दुआ केली हे खरे. पण राहिले ते त्यांच्याचबरोबर. बायबलाप्रमाणे त्या भूमीचे नुसते दर्शन नबो डोंगरावरून त्यांना घडले आणि तिथेच त्यांचा इंतकाल झाला. गुन्हा लोकांचा, पण शिक्षेची सगळी वर्षे नबीने सोबत भोगली.

आणि त्या चाळीस वर्षांत काय चालले होते? डोक्यावर ढगाची सावली होती, मन्न व सलवा मिळत होता. ‘अनुवाद’ या पुस्तकात (तौरातचे हे पाचवे पुस्तक) ह. मूसा लोकांना आठवण देतात की, इतक्या वर्षांत तुमचे कपडे जीर्ण झाले नाहीत, पाय सुजले नाहीत, बाप मुलाला वळण लावतो तसे खुदा तुम्हांला लावत होता. जो उपाशी मारत नाही, अनवाणी चालवत नाही, पण धडा पक्का होईपर्यंत वर्गातून सोडत नाही, त्याला जल्लाद म्हणायचे की उस्ताद?

इथे आमच्यातला मास्तर जागा होतो. बी.एड.ला असताना आम्हांला बालकांच्या शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा शिकवला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे दोन्ही बंद केले. जुने मास्तर चिडले होते. छडी नाही तर शिस्त कशी लागणार, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता, कारण सुधारणे तर भाग आहेच. गंमत अशी की आपल्या मराठीत ‘शिक्षा’ या एकाच शब्दात शिकवणेही आहे आणि दंडही. बनी इस्राईलच्या इब्रानी भाषेत ‘मूसार’ हा शब्द अगदी असाच आहे, शिकवण आणि ताडन दोन्ही सांगणारा. अरबीत अदबवरून तादीब झाला. तीन भाषांनी एकच गोष्ट ओळखली आहे. आणि निष्ठेला इब्रानीत ‘एमूना’ म्हणतात. आमच्या ईमान, अमानत आणि आमीनच्या कुळातलाच तो शब्द. म्हणजे निष्ठा ही नुसती मानण्याची बाब उरत नाही, सोपवलेली वस्तू सांभाळून परत करण्याशी तिचे नाते आहे. अमानतीत खयानत करणारा आणि स्वतःला मोमिन म्हणवणारा माणूस भाषेलाच खोटे पाडतो. या अमानतीकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

त्याआधी सूरह आराफमधला मासेमारांचा किस्सा. समुद्रकाठच्या एका वस्तीला सब्तच्या, म्हणजे शनिवारच्या दिवशी मासे धरायला मनाई होती. मासे नेमके त्याच दिवशी पाण्यावर येत, इतर दिवशी येत नसत. तफसीरकार सांगतात की लोकांनी युक्ती काढली. आदल्या दिवशी जाळी लावायची, खड्डे खणायचे आणि रविवारी मासे गोळा करायचे. हुकूमही पाळला आणि मासेही मिळाले! कागदोपत्री कसे सगळे चोख. शेवटी त्यांना माकडे होण्याचा हुकूम झाला. हा शेवट आमच्याकडे सर्वांना तोंडपाठ आहे आणि ‘माकड’ ही शिवी म्हणून तो चवीने वापरला जातो.

पण त्या वस्तीत तीन प्रकारचे लोक होते, हे किती जणांना ठाऊक आहे? एक, हुकूम मोडणारे. दोन, त्यांना रोखणारे. आणि तिसरे, जे स्वतः मासे धरत नव्हते, पण रोखणाऱ्यांना म्हणत होते की, ज्यांना अल्लाह नष्टच करणार आहे त्यांना कशाला नसीहत करता? रोखणाऱ्यांचे उत्तर असे की, रबसमोर आमची सबब असावी म्हणून, आणि कोण जाणे, सुधरतीलही. पुढे कुरआन सांगते की रोखणारे वाचले, मोडणारे पकडले गेले. तिसऱ्यांचे काय झाले? त्यांच्याबद्दल आयतीत एक अक्षर नाही. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांना या लोकांच्या काळजीने ग्रासले होते आणि त्यांचे शागिर्द इक्रिमा यांनी त्यांची समजूत घातली, असे तफसीरमध्ये आले आहे. एवढ्या मोठ्या सहाबीला ज्या मौनाची धास्ती वाटली, त्या मौनात आम्ही पाय पसरून झोपलो आहोत. आमचा मोहल्ला पाहा. हुकूम मोडणारे मूठभर, रोखणारे त्याहून थोडे, बाकी सगळी वस्ती तिसऱ्या गटाची. “जाने दो मास्टर, ये लोग सुधरनेवाले नहीं.”

आता बायबलातल्या नबींकडे वळू. यांतल्या अनेकांची नावे कुरआनात नाहीत. पण ज्यांचे किस्से सांगितले नाहीत असेही रसूल होऊन गेले, असे कुरआनच सांगते. तेव्हा त्यांच्याबद्दल वाचायला बिचकण्याचे कारण नाही.

आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. मेंढरे राखायची आणि रानअंजिराच्या झाडांची निगा करायची, हा त्याचा धंदा. काळ इसवी सनापूर्वी आठव्या शतकाचा. ह. सुलैमान (अ.स.) यांच्या पश्चात राज्याची दोन शकले झाली होती, उत्तरेला इस्राईल आणि दक्षिणेला यहूदा. आमोस दक्षिणेचा, पण बोलायला गेला उत्तरेत, बेथेलच्या देवस्थानात. तिथे दुसरा यराबाम राज्य करीत होता आणि श्रीमंतांची चैन होती. आमोसने भाषणाची सुरुवात कशी केली पाहा. पहिल्यांदा दिमिष्कचे पाप. मग गाझाचे, सोराचे, अदोमचे, अम्मोनचे, मवाबचे. सहा शेजारी, सगळे परके. ऐकणारे खूष झाले असतील. सातवे नाव त्याने स्वतःच्या यहूदाचे घेतले. आणि आठवे, सर्वांत लांब आरोपपत्र, समोर बसलेल्यांचे! चपलेच्या जोडाइतक्या किमतीसाठी तुम्ही गरिबाला विकता. सब्त कधी संपतो आणि कधी एकदा धान्य विकायला बसतो असे तुम्हांला होते. तुमची मापे लहान आहेत, वजने खोटी आहेत. जगातल्या सर्व कुळांतून खुदाने तुम्हांलाच निवडले, म्हणूनच हिशेबही तुमच्याकडून घेतला जाईल.

आम्ही ‘खैरे उम्मत’ आहोत, असे छाती फुगवून सांगणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. निवड झाली की सूट मिळते, हा समज बनी इस्राईलचाही होता. सूरह निसामध्ये अल्लाहने दोघांनाही एकाच ओळीत बसवले आहे. तुमच्या इच्छेवर काही नाही आणि किताबवाल्यांच्या इच्छेवरही काही नाही, जो वाईट करील तो भरील.

बेथेलचा पुजारी अमस्या याने आमोसला काय उत्तर दिले? तुझे म्हणणे खोटे आहे, असे तो म्हणालाच नाही. तो म्हणाला, जा तुझ्या यहूदात आणि तिथे पोट भर, हे राजाचे देवस्थान आहे. पुढे इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या फौजांनी शोमरोन घेतले आणि उत्तरेचे राज्य संपले.

उत्तरेचाच दुसरा प्रसंग त्याच्या आधीच्या शतकातला. ह. इलियास (अ.स.), ज्यांना बायबल एलीया म्हणते, यांचा किस्सा आमच्याकडे ‘बअल’च्या मूर्तीपुरता सांगतात. कुरआनात तेवढाच उल्लेख आहे. पण बायबलात त्यांची आणखी एक लढाई आहे. इज्रेलमध्ये राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजा अहाबला तो भाजीच्या वाफ्यांसाठी हवा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचे वतन मी देणार नाही. तौरातचा नियमच होता की जमीन खुदाची आहे, ती कायमची विकता येत नाही. राणी ईजबेलने दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथवर खुदाच्या निंदेचा आरोप ठेवला आणि त्याला दगडांनी मारवले. धर्माचा आरोप, धर्माची शिक्षा आणि शेवटी जमीन राजाची. अहाब मळा ताब्यात घ्यायला गेला तर तिथे इलियास उभे. याच राजाने पूर्वी त्यांना ‘इस्राईलला त्रास देणारा’ म्हटले होते. सत्तेला हिशेब विचारणारा कौमचा दुश्मन ठरतो, हा रिवाज बराच जुना दिसतो. मात्र पुढची गोष्ट विसरू नये. अहाबने कपडे फाडले, उपास केला, आणि खुदाने त्याच्या हयातीतली शिक्षा पुढे ढकलली. अहाबसारख्याच्या पश्चात्तापालाही किंमत मिळाली. ही कहाणी अजाबाचीच असती तर हे घडते ना.

आता अमानतीचे बोलू. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती कायदा संमत झाला. आमच्या तालुक्याच्या गावी निषेधाची सभा भरली. कायद्यातल्या बऱ्याच गोष्टी आम्हांलाही अन्यायाच्या वाटतात, म्हणून आम्ही गेलो. जोरदार भाषणे झाली. सरकारचे पाप, पक्षांचे पाप, वृत्तवाहिन्यांचे पाप. आमोसच्या भाषणातले पहिले सहा शेजारी म्हणा ना! आम्हीही टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर पहिल्या रांगेत एक गृहस्थ बसले होते. गावातल्या एका विधवेने फार पूर्वी गरीब मुलांच्या शिक्षणासाठी जमिनीचा एक तुकडा वक्फ केला होता. त्यावर आज सहा गाळे आहेत. भाडे कुठे जाते, हे लहान पोरही सांगेल. प्रश्नोत्तरांच्या वेळी आम्ही उभे राहिलो आणि त्या गाळ्यांच्या हिशेबाचे विचारले. सभा गोठली. मग एक बुजुर्ग प्रेमानेच म्हणाले, “बेटा, ये वक्त है क्या? दुश्मन दरवाजे पे खडा है.” घरी येईपर्यंत आम्ही कोणत्या पक्षाचे पैसे खाल्ले त्याची चर्चा सुरू झाली होती.

मागच्या कौमा नष्ट झाल्या, कारण त्यांच्यातला बडा माणूस चोरी करी तेव्हा त्याला सोडून देत आणि दुबळा करी तेव्हा त्याला शिक्षा देत, असे पैगंबरसाहेबांनी एका खानदानी घराण्यातल्या बाईच्या चोरीच्या मुकदम्यात सांगितले. स्वतःच्या लाडक्या मुलीलाही सूट देणार नाही, असे बजावले. बनी इस्राईलचा नेमका दोष त्यांनी हा दाखवला आहे. त्या सभेत ही हदीस कोणाला आठवली नाही. खरे सांगायचे तर आम्हांलाही ती घरी आल्यावर आठवली.

‘दुश्मन दरवाजे पे’ म्हणणाऱ्यांनी यिर्मया नबी वाचावा. त्याच्या वेळी दुश्मन खरोखरच दारात होता. बाबिलचा नबुखद्नेस्सर, आमच्या तफसीरमधला बुख्त नस्सर, यरुशलेमला वेढा घालून होता. खुदाचे घर आमच्या शहरात आहे, आमचे काय वाकडे होणार, अशी लोकांची घोकंपट्टी चालली होती. यिर्मयाने मंदिराच्या दारात उभे राहून सांगितले की, परक्याला, अनाथाला, विधवेला नाडता आणि या घराच्या नावामागे लपता, तर हे घर तुम्हांला वाचवणार नाही. त्याचे लिखाण राजा यहोयाकीमपुढे वाचले गेले. हिवाळ्याचे दिवस होते, समोर शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तो भाग कापी आणि शेगडीत टाकी. अख्खी गुंडाळी जळाली. यिर्मयाने बारूख या लेखनिकाला बसवून ती पुन्हा लिहून घेतली.

पुढे वेढ्याच्या काळात त्याच्यावर आरोप आला की, हा लढणाऱ्यांचा धीर खचवतो. त्याला चिखलाच्या टाकीत उतरवले. तिथून त्याला काढले कोणी? एबद-मलेख नावाच्या एका हबशी नोकराने. त्याने जुनी फडकी, फाटके कपडे गोळा केले, दोरीने खाली सोडले आणि सांगितले की, हे काखेत घाल म्हणजे दोर कापणार नाही. चिखलात रुतलेल्या नबीच्या काखेची काळजी करणारा तो परका नोकर आम्हांला त्या सगळ्या ग्रंथातला फार मोठा माणूस वाटतो.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. वेढा पडला तेव्हा घाबरलेल्या श्रीमंतांनी करार करून आपले इब्री गुलाम सोडून दिले. तौरातचा तो हुकूमच होता आणि तो मोडला जात होता. मिसरची फौज येते असे कळून बाबिलवाले काही दिवस मागे हटले. संकट टळले असे वाटताच त्याच श्रीमंतांनी सोडलेले गुलाम पुन्हा धरून आणले! वाचताना आम्हांला २०२० चे निकाह आठवले. चार माणसांत, खजूर वाटून झालेले निकाह. आता हाच रिवाज ठेवायचा, जहेज नाही, मांडव नाही, अशा कसमा आम्ही कानांनी ऐकल्या. दोन वर्षांत दुप्पट मांडव पडले. कर्ज काढून मुलगी देणारा एक पालक आमच्याकडे मुलाची फी पुढच्या महिन्यावर ढकलायला आला होता.

इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जळाले. बाबिलच्या सरदाराने यिर्मयाला सांगितले की, बाबिलला चल, तुझी नीट काळजी घेतो, नाहीतर हवे तिथे राहा. शत्रूच्या दरबारात मान मिळत होता आणि ‘मी सांगत होतो ना’ म्हणायची संधीही होती. त्याने ती घेतली नाही. मागे उरलेल्या कंगाल लोकांत तो राहिला. आपल्या कौमवर टीका करून दुसऱ्याच्या व्यासपीठावर हारतुरे घेणारे काही विद्वान आमच्यातही निघाले आहेत. त्यांनाही हा यिर्मया आम्ही दाखवू इच्छितो. आमची लढाई एकाच बाजूशी नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो खोटा नाही. आपले दोष आपणच चव्हाट्यावर मांडले तर द्वेष करणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल. अगदी मिळेल. बनी इस्राईलचे हेच झाले. त्यांच्या नबींनी त्यांना दिलेले बोल उचलून युरोपातल्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी शतकानुशतके त्यांनाच ठेचले आणि आमचे बयानकारही तेच करतात. तरी त्यांनी ते बोल पुस्तकातून काढले नाहीत. दोन्ही मंदिरांच्या नाशाचा शोक ते दरवर्षी पाळतात. त्याआधीच्या तीन शनिवारी सिनेगॉगमध्ये यिर्मया आणि यशया यांचे फटकारेच वाचले जातात. दुसऱ्या कोणाचे पाप त्या दिवसांत वाचत नाहीत. जगात कितीतरी राजघराण्यांनी आपल्या विजयांचे शिलालेख कोरून ठेवले. स्वतःविरुद्धचे आरोपपत्र इतक्या निगुतीने जपणारी कौम आम्हांला दुसरी चटकन आठवत नाही.

इथे कोणी गाझाचे नाव घेईल. गाझातल्या मुलांसाठी आमचेही डोळे भरतात आणि आजच्या इस्राईल सरकारच्या कृत्यांचा निषेध आम्हीही करतो. पण त्यासाठी तीन हजार वर्षांपूर्वीच्या वासराची गरज नाही. बापाने आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून मुलाचे दात आंबणार नाहीत, ज्याचे पाप त्याला, असे त्यांच्याच यहेज्केल नबीने सांगितले आहे. कोणी कोणाचे ओझे वाहणार नाही, असे आपले कुरआन सांगते. आणि सत्तेवरच्या अन्यायाला जाब विचारायला आमोस व यिर्मया त्यांच्याच घरात आहेत.

शिवाय बनी इस्राईल आपल्याला कुठे परके होते? कोकणात रायगडच्या गावागावांत ते तेलाचा घाणा चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शनिवार तेली म्हटले जात. घरात मराठी बोलत. बायबलातल्या याच कथा त्यांनी मराठी कीर्तनांत गायल्या. अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावर ह. इलियास यांच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा. इलियासच्या नावाने ते मलिदा करतात, भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, फळे. मलिदा हा शब्द आमच्याही घरातला. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे निघून गेली. सातवीतल्या त्या मुलाला आम्ही हे सांगितले तेव्हा त्याला पोह्यांचेच जास्त आश्चर्य वाटले.

गाळ्यांच्या हिशेबासाठी आम्ही एक अर्ज लिहिला आहे. दरवर्षीचे भाडे किती, जमा कुठे, खर्च कशावर, असे तीनच प्रश्न आहेत. अर्जावर पहिली सही आमची. दुसरी एका रिक्षाचालकाची. त्याचा मोहल्ल्यात जमीनजुमला नाही आणि तो मूळचा आमच्या गावचाही नाही. जुम्म्याच्या नमाजनंतर अर्ज घेऊन आम्ही दोघे मशिदीच्या फाटकाशी उभे राहतो. मागच्या जुम्म्याला सात जणांनी तो पूर्ण वाचला, खिशातला पेन चाचपला आणि पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणाले.